बोनसाहेबाची हजामत

...नाही हो, माणसांच्या डोक्यांबद्दल त्याचं काही म्हणणंच नव्हतं! डोकं चपटं असो, कोयीसारखं लांबुळकं असो, मधे मैदान आणि कडेनं कुंपण असो, आमच्या काळूरामनं जन्मात कधी गिऱ्हाइकाच्या डोक्याला नाव ठेवलं नाही. पण झाड? अहो, झाडाची हजामत? तुम्हीच सांगा, तुमच्या गावात झाडाचे केस कापायला न्हाव्याला बोलावतात का? आणि बोलावलं तर बोलावलं, तेही सोमवारी? सोमवारी! आठवड्यातला तो एक दिवस, जेव्हा दुकानाला कुलूप असतं, वस्तरा धोकटीत असतो आणि काळूरामला आठवण होते की आपल्याला गुडघे आहेत, ते वाकतात, आणि वाकले की माणसाला खाली बसता येतं...

कारण तुम्हाला सांगतो, न्हाव्याचा धंदा म्हणजे उभ्याचा धंदा. मुरुडच्या एस्टी स्टँडासमोर त्याचं दुकान, दुकानात खुर्ची एकच, आणि ती गिऱ्हाइकाची. सकाळच्या पहिल्या गाडीपासून दिवेलागणीपर्यंत हा बिचारा त्या खुर्चीभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरतो. पोटऱ्यांच्या शिरा अशा फुगलेल्या की जणू पायाला कुणी काथ्या गुंडाळलाय! वय पन्नाशीच्या पुढे. आणि स्वभाव कसा? 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेला देवानं दिलाच नाही. एकदा एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "काळूराम, जरा हा मांडवाचा बांबू धर रे, मी दोरी घेऊन आलो." दोरी आणायला गेलेला माणूस पंगतीत जाऊन बसला. जिलेबी झाली, मठ्ठा झाला, विडे झाले... आणि हा बांबू धरून उभा! का? तर "बरं" म्हणाला होता.

तर ही गोष्ट चीनशी लढाई झाली त्याच्या पुढच्या सालची. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला कृष्णाबाईंचा बंगला. त्यांचे यजमान दत्तात्रेयराव, आम्ही सगळे त्यांना चीफसाहेब म्हणायचो, कारण ते मालवाहू बोटीवर चीफ इंजिनियर होते. उभा जन्म पाण्यावर. निवृत्त होऊन मुरुडला परत आले ते दोन ट्रंका घेऊन, आणि काखेत एक झाड! जपानातून आणलेलं. ट्रेमध्ये लावलेलं. हो, ट्रेमध्ये, चहाचे कप आणतात तसल्या पसरट चिनीमातीच्या ट्रेमध्ये, आणि उंची किती? तर मांजर शेपटी वर करून उभं राहिलं तर शेपटी उंच ठरेल! चीफसाहेब म्हणायचे, हे जुनिपर आहे, आणि वय विचाराल तर माझ्यापेक्षा मोठं. म्हणायचे, याला बोन्साय म्हणतात. आता गावानं ऐकलं काय? बोनसाहेब! गावाला वाटलं, जपानचा कुणी साहेब असेल, त्याचं नाव दिलंय. झालं, तेव्हापासून त्या झाडाचं नाव बोनसाहेब.

आणि काळूराम रोज सकाळी चीफसाहेबांची दाढी करायला बंगल्यावर जायचा. व्हरांड्यात वेताची खुर्ची, समोर स्टुलावर बोनसाहेब. इकडे काळूराम फेस करतोय, तिकडे साहेबांची नजर झाडावर. मान वळवायची झाली तर डोळे मात्र झाडावरच ठेवून मान वळवायचे. शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले, तर स्टूल अंथरुणाजवळ आलं. आणि एक दिवस साहेब गेले.

मग पावसाळा आला नि गेला. दसऱ्याच्या सुमाराला कृष्णाबाईंचा निरोप आला, "काळूरामला म्हणावं, धोकटी घेऊन ये." हा चक्रावला. बंगल्यात आता दाढीवालं आहे कोण? गेला. तर बाई झाडापुढे उभ्या. झाड कसलं, झिपरं! जिकडे तिकडे कोवळे शेंडे फुटलेले, एक इकडे, एक तिकडे, जसं झोपेतून उठून आलेलं कार्टं.

"बघ कसं झालंय ते," बाई म्हणाल्या. "ते गेल्यापासून कुणी हात लावला नाही त्याला. तू रोज बघत होतास. जरा नीट करून देशील?"

"बाईसाहेब, मी मानसांची करतो..."

"तुझा हात हलका आहे असं ते म्हणायचे."

आणि बाईंनी मग खरं काय ते सांगितलं. मुलगा दिनानाथ, मुंबईला बँकेत. तो मागे लागला होता, आई, बंगल्याला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल. बाई म्हणाल्या, झाडाचं काय? तो म्हणाला, झाडही घेऊन चल. बाई म्हणाल्या, अरे त्याला उघडं आभाळ लागतं, ऊन लागतं, दव लागतं, तुझ्या दोन खोल्यांत फणीएवढं ऊन येतं, तिथे ते जगेल? बाबांचं झाड मारू? एवढं ऐकल्यावर मुलगा नरमला. पण म्हणाला, बाबांच्या वर्षश्राद्धाला येईन तेव्हा बघतो, तुझ्यानं होतंय का एकटीच्यानं.

"तेव्हा ते झाड असं दिसायला हवं," म्हणून बाईंनी भिंतीवरचा फोटो दाखवला. चीफसाहेब खुर्चीत, शेजारी बोनसाहेब. दोघेही व्यवस्थित भांग पाडलेले. "मला नाही जायचं रे मुंबईला. सोमवारी तुझं दुकान बंद असतं ना?"

आणि काळूराम काय म्हणाला?

"बरं."

घरी आल्यावर त्याची बायको ठमाबाई काय म्हणाली ते मी सांगत बसत नाही, पण थोडक्यात असं, "अवो, तुमच्या तोंडात जीभ हाय का पाट्यावरचा वरवंटा? सोमवारी माझं घर शाकारायचं होतं! झाडाची हजामत करनार म्हनं! उद्या कोन म्हनंल माझ्या नारळाच्या शेंड्या भादरून दे, तर त्याला बी बरं म्हना!" आणि हा भिंतीला टेकून पोटऱ्यांना खोबरेल चोळत बसलेला... खरं सांगतो, बरंच म्हणणार होता, पण ओठ मिटून घेतले.

पहिला सोमवार. आता सवय म्हणजे काय चीज आहे बघा! काळूरामनं धोकटी उघडली, पांढरं फडकं झटकलं आणि... झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळून गाठ मारली! मग पाणी शिंपडलं. मग फणी नि कातर. कचक्, कचक्, कचक्... तासाभरात बोनसाहेबाची अशी काही कटिंग केली म्हणता, कानावर बारीक, मागे उतरती, वर गोल! आणि मग हातातला लहान आरसा घेऊन झाडाच्या मागे धरला. खोटं नाही सांगत. मागून कसं दिसतं ते झाडाला दाखवायला! बाई बघतायत हे लक्षात आलं तेव्हा घाईघाईनं आरशावरची धूळ पुसल्यासारखं केलं.

मधेच एक पांढरीफटक सुकलेली फांदी लागली, हाडासारखी. तिच्यावर हा कातर ठेवणार, तोच बाई किंचाळल्या, "अरे, थांब! ते मेलेलं मुद्दाम ठेवलंय!"

"मेलेलं? मुद्दाम?"

"हो, तिची साल काढून, औषध लावून ती पांढरी करायचे ते. म्हातारपण दिसलं पाहिजे म्हणायचे. त्यातच शोभा आहे म्हणायचे."

काळूरामनं कातर खाली घेतली. दुकानात साठीचे बाप्ये येतात, मिशीला कलप लावून घेतात आणि विचारतात, काळूराम, चाळिशीचा दिसतो का? आणि इकडे एका झाडाला औषध लावून म्हातारं करतायत!

पण त्या दिवशी झाड दिसलं छान. बाई खूश. काळूराम खूश. आठवडा गेला... आणि पुढच्या सोमवारी बघतो तर काय! जिथे जिथे कातर लागली होती, तिथलं प्रत्येक टोक तपकिरी! करपलेलं! जणू बोनसाहेबाच्या डोक्यावरून कुणी पेटता काकडा फिरवला!

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता आठवलं रे! ते कातर नाही लावायचे. शेंडे चिमटीत धरून हलकेच खुडायचे. कातरीनं टोक जळतं म्हणायचे."

आता आठवलं! तुम्हाला सांगतो, गेलेल्या माणसाची बायको आणि तिची आठवण, ही अशी आठवड्याला एकेक चमचा बाहेर येते. मग काय, बसा खुडत! एकेक जळकं टोक अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरायचं, दुसऱ्या हातानं डहाळी सांभाळायची आणि टिच्! पुन्हा टिच्! आणि बसून नाही हो! स्टूल उंच, म्हणून उभ्यानं! माणसाच्या डोक्याला एक सुख असतं, ते कधीतरी संपतं. ह्या झाडाची डोकी किती म्हणता? प्रत्येक फांदीला एक, आणि ते खुडलं की मागनं दोन. आणि बाई शेजारी खुर्ची टाकून म्हणणार, "हळू हां. त्यांचा हात असा फिरायचा... नाही, असा नाही. असा." काळूराम म्हणायचा, "बरं." सोमवारचं ऊन उतरायचं, याची मान आखडायची, आणि घरी ठमाबाई म्हणायची, "आलात? बोनसायबानं चा पाजला का?"

गावात तर चेष्टाच सुरू झाली. नारळाच्या वाडीवाला येसाजी दाढीला खुर्चीत बसायचा आणि गालाला फेस असतानाच सुरू व्हायचा, "काय काळूराम, बोनसायबाची मिशी ठेवलीस का काढलीस? आमच्या वाडीत ये की एकदा, पाऊनशे माड हायेत, सगळ्यांची एकदम करून टाक!" आणि दुकानभर हसू. वस्तरा ज्याच्या गळ्यावर आहे त्याची चेष्टा करू नये, एवढीसुद्धा अक्कल नाही लोकांना! पण काळूराम हसला. दमलेला माणूस हसतो ना तसा, एकाच गालानं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दिवाळी झाली आणि बाईंना फोटोत फांदी दिसली. म्हणजे ती होतीच फोटोत, पण आता दिसली. डाव्या अंगाची फांदी, फोटोत कशी खाली झुकलेली, पाहुण्याला या बसा म्हणतो तशी. आणि झाडाची? वर! सरळ वर, शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखी!

"ते तार गुंडाळायचे," बाईंना आठवलं. एक चमचा. "तांब्याची. फांदीभोवती तिरपी तिरपी गुंडाळत न्यायची, आणि मग हळूहळू वाकवायची. जमेल ना?"

आणि काळूराम काय म्हणाला? अहो, विचारता काय!

तार कुठली आणायची? एस्टीच्या गाड्या दुरुस्त करणारा रघू होता, त्याच्याकडे गेला. रघूनं एका जळक्या डायनॅमोची तार काढून दिली आणि विचारलं, "काय करनार?" काळूराम म्हणाला, "झाडाला गुंडाळनार." रघू त्याच्याकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "काळूदादा, दोन दिवस दुकान बंद ठेव नि झोप काढ."

झोप! कोण देतो झोप?

सोमवारी तार गुंडाळली. घट्ट गुंडाळली तर साल कापते, सैल गुंडाळली तर फांदी ऐकत नाही. याचा जन्म गेला वस्तऱ्याची धार सांभाळण्यात, पण हे काम त्याहून नाजूक. गुंडाळून झाली. मग दोन्ही अंगठे खाली लावले, आणि वाकव, वाकव, अजून थोडी... बाई श्वास रोखून उभ्या, "अजून एवढीशी रे, फोटोत बघ..." हा अजून एवढीशी वाकवतो, तोच... कट्!

बारीक आवाज. सुपारी फुटावी एवढाच. फांदी तुटली नव्हती, सांध्यात चिरली होती. बाई आत पाणी आणायला धावल्या, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि इकडे काळूरामच्या हातानं काय केलं? डोक्यानं नाही हो, हातानं! तीस वर्षं गालावर जरा कापलं की जे करतो तेच. धोकटीतून तुरटी काढली, पाण्यात बुडवली आणि त्या चिरेवर चोळली! चोळून झाल्यावर त्याला समजलं की हा गाल नव्हे. मग चिंधी बांधली. बाई आल्या. झाडाचा हात गळ्यात बांधल्यासारखा दिसत होता. तुरटीचं काही तो बोलला नाही.

तिथून पुढे सोमवार आला की हा आधी फांदीकडे धावायचा. चिंधी सोडून बघायचा, फांदी हिरवी. झाड हिरवं. नवे शेंडे मात्र येईनात. बाई म्हणाल्या, "थंडी आहे ना, झोपलं असेल. थंडीत झोपतं म्हणायचे." बोनसाहेब झोपला! सोमवारी! आणि काळूराम त्याच्याजवळ उभा!

असं करता करता वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी शेवटचा हात फिरवायला हा गेला. व्हरांडा सारवावा तसा पुसलेला, फोटोला हार तयार, आणि स्टुलावर बोनसाहेब. काय दिसत होता! फोटोतला तो हाच, कुणीही शपथ घेऊन सांगितलं असतं. डावी फांदी खाली झुकलेली, या बसा म्हणणारी. बाई आत स्वयंपाकाला लागलेल्या. काळूरामनं सहज एका डहाळीवरून हात फिरवला... आणि हात थबकला.

खरखर लागलं. वाळल्या पेंढ्यासारखं. त्यानं चिमटीत धरून जरा चोळलं, तर पानांचा भुगा झाला. हिरवा भुगा! रंग हिरवा आणि आत जीव नाही. त्यानं वस्तऱ्याच्या टोकानं बुंध्याची साल इवलीशी खरवडली. जित्या झाडाची साल खरवडली की खाली ओलं हिरवं दिसतं, कोकणात पोरालाही ठाऊक आहे. इथे खाली होतं कोरडं, तपकिरी. दुसरीकडे खरवडलं. तिथेही तेच. सगळीकडे तेच. बोनसाहेब मेला होता हो! कधीचा मेला होता कुणास ठाऊक, आणि मेल्यावरही तसाच हिरवागार, नटूनथटून उभा. असली जात असते म्हणे त्या झाडाची, मेलेलं महिना महिना कळू देत नाही. आणि काळूरामचे ते सगळे सोमवार? त्यातले किती सोमवार त्यानं मढ्याची हजामत केली?

हातात वस्तरा तसाच, आणि पाठीमागून आवाज आला, "काय काळूराम!"

दिनानाथ. आत्ताच एस्टीतून उतरून आलेला, बूट धुळीनं भरलेले, हातात पिशवी. चेहरा चीफसाहेबांचाच, पण ओढलेला, डोळ्याखाली काळं. बँकेतला माणूस, दोन खोल्या, तीन पोरं, त्यात आईची काळजी. तोही दमलेलाच होता बिचारा. झाडाकडे बघत त्यानं विचारलं, "कसं आहे झाड?"

आणि काळूराम काय म्हणाला? सवयीनं, हो, निव्वळ सवयीनं...

"बरं."

झालं! आजवर हा शब्द हो ला हो होता. त्या दिवशी तो खोटा झाला. आणि तोंडातून गेलेला शब्द, तुम्हाला सांगतो, हजामत झालेल्या केसांसारखा असतो, परत चिकटवता येत नाही.

दिनानाथ झाडापुढे बसला. मग म्हणाला, "बाबा बसल्यासारखं वाटतंय इथे." कृष्णाबाई पदराला हात पुशीत दारात आल्या. मुलगा म्हणाला, "आई, मला वाटलं होतं तुझ्यानं नाही होणार. हात लावायलासुद्धा भीती वाटते, इतकं छान ठेवलंयस." आणि हात पुढे केला! बोट लागलं असतं तर भुगा! पण दिनानाथनं हात मागे घेतला आणि म्हणाला, "राहा तू इथे. मी नाही मागे लागणार. हे असं जपत असशील तर राहा."

बाईंचा चेहरा असा उजळला... आणि काळूराम धोकटी आवरत होता, ती आवरेना. वस्तरा मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला.

त्या रात्री जेवायला बसला, तर तांदळाची भाकरी, वर सुकटीची चटणी, आणि हा भाकरी नुसती कुस्करत बसलेला. ठमाबाई म्हणाली, "काय झालं? बोनसायब चावला का?"

"मेला."

"कोन?"

"बोनसायब."

ठमाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. मग तिचा चेहरा खुलला, "म्हंजे सोमवार सुटला की तुमचा!" आणि मग तिनं नवऱ्याकडे नीट बघितलं. त्यानं सगळं सांगितलं. कातर, तार, तुरटी, दिनानाथ, बरं. ती ऐकत राहिली, भाकरीचा तुकडा हातात तसाच. म्हणाली, "अवो, तुमच्या हातून गेलं का त्याच्या वेळेनं गेलं, ते देवाला ठावं. खाऱ्या वाऱ्यात आमचं शेवग्याचं झाड टिकत न्हाय, ते तर परदेशचं. पन ती बाय एकटी हाय. उद्या पाहुन्यासमोर ते झाड तांबडं पडंल, तेव्हा तिला कळंल, त्यापरीस तुमच्या तोंडातून कळू दे. जा नि सांगा. आनि सरळ सांगा. बरं बिरं म्हनू नका."

सोमवारी गेला. श्राद्ध आटोपलेलं, पाहुणे गेलेले, दिनानाथ मुंबईला परतलेला. बाई व्हरांड्यात एकट्या, प्रसन्न. "ये, ये. आज तुला चहा माझ्याबरोबर. बस त्या खुर्चीत." साहेबांची वेताची खुर्ची! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला बस म्हणालं, आणि बसवेना!

"बाईसाहेब," तो उभ्यानंच म्हणाला, "झाड न्हाय राह्यलं."

"म्हणजे?"

"मेलंय. हिरवं दिसतंय, पन मेलंय." आणि मग धरण फुटावं तसं, "माज्याच हातानं गेलं असंल बाईसाहेब. आधी कातर लावली, मग तार आवळली, मग फांदी चिरली, तिला तुरटी लावली..."

"काय लावलंस?"

"तुरटी. सवयीनं. दाढी केल्यावर लावतो तशी."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग झाडाजवळ गेल्या, नखानं साल खरवडली. भुगा बोटाला लागला तो बघितला. आणि... हसायला लागल्या! "तुरटी!" म्हणायच्या आणि हसायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि हसता हसता पायरीवर बसल्या तेव्हा काळूरामला कळलं की हे हसणं नाही उरलेलं.

मग त्यांनी डोळे पुसले.

"काळूराम, खरं सांगू? मला ते झाड कधी आवडलंच नाही रे."

हा थक्क!

"अरे, आयुष्यभर ते बोटीवर. मी इथे. वर्षातून एकदा यायचे, पाहुण्यासारखे. म्हटलं, निवृत्त होतील, मग बसतील शेजारी. निवृत्त झाले, आले, तर हे काखेत! सकाळी चहा झाडाबरोबर, संध्याकाळी चहा झाडाबरोबर. माझ्याकडे इतकं एकटक त्यांनी लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. सवत म्हणायची मी त्याला, मनातल्या मनात. आणि ते गेल्यावर... तू खुडत होतास ना, मी तुला हात असा नाही, असा, सांगत होते ना, तेव्हा वाटायचं, ते आहेत." मग उठून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "जाऊ दे. आता खुर्चीत बस. तू असा उभा राहिलास की माझा जीव खालीवर होतो."

काळूराम बसला. साहेबांच्या खुर्चीत, कडेकडेनं, दोन बोटं जागा घेऊन. दोघं चहा प्याली. मग तो उठला आणि त्यानं झाडाची तार सोडवली, एकेक वेढा, उलटा, सावकाश, एवढीशी साल न दुखवता. गिऱ्हाईक उठायच्या आधी गळ्यातलं फडकं सोडतात ना, तशी. बाईंनी मग ते झाड मागच्या बाजूला जास्वंदीच्या आळ्यात पुरायला लावलं.

शिमग्याला दिनानाथ आला. बाई फाटकातच उभ्या. म्हणाल्या, "दिनू, आधीच सांगते, बाबांचं झाड गेलं. तू बघितलंस तेव्हाही गेलेलंच होतं, पण ते मला ठाऊक नव्हतं."

तो पिशवी घेऊन तसाच उभा. "मग आता इथे राहून काय करणार तू?"

"राहणार," बाई म्हणाल्या. "झाडाचं निमित्त सांगितलं, ती माझी चूक. मला माझ्या घरात राहायचंय, हे सरळ सांगायला हवं होतं. सुट्टीत पोरांना पाठव इकडे. पोहायला शिकतील."

दिनानाथनं पिशवी आत नेऊन ठेवली. जेवला, दुपारी व्हरांड्यात आडवा झाला आणि असा घोरला म्हणतात, की रस्त्यावरून जाणारे थांबून ऐकत होते. सुट्टीत पोरं आली. झालं, विषय मिटला.

आणि काळूराम? सुटला! शिमग्यानंतरचा पहिला सोमवार, अंगणात चटई टाकली, पाय भिंतीला वर लावले, डोळे मिटले. वारा सुटलेला. ठमाबाईनंसुद्धा घर शाकारण्याचं नाव काढलं नाही. आणि डोळा लागतो न लागतो तोच बंगल्यावरून निरोप! "काळूरामला म्हणावं, धोकटी घेऊन ये."

गेला. तर व्हरांड्यात तेच स्टूल, स्टुलावर तोच जपानी ट्रे, आणि ट्रेमध्ये काय? पुदिना! बाई म्हणाल्या, "ट्रे रिकामा बघवेना रे. चटणीला होईल म्हणून लावला. पण बघ कसा माजलाय चहूकडे! तुझा हात हलका आहे. जरा चारी बाजूंनी सारखा करून देत जाशील? फक्त सोमवारी?"

आता तुम्ही म्हणाल, एकदा पोळलेला माणूस, एवढं सगळं झाल्यावर तरी तो नाही म्हणाला असेल. म्हणणार होता हो! त्यानं मनाची तयारी केली, तोंड उघडलं... आणि धोकटीही उघडली. ठमाबाईला घरी येऊन म्हणाला, जाऊ दे गं, जुनिपर पंधरा-वीस सोमवारांत आटपलं, हेही आटपेल.

पण तुम्हाला सांगतो मंडळी, जुनिपर निदान मेलं तरी. पुदिना कुठला मरायला!